चैत्रात सिलोनला

कोलंबो,
७ जानेवारी १९५४

सौ. मंदाकिनीवहिनीस,
उत्तराचा सप्रेम नमस्कार.

वहिनी, या उन्हाळ्याच्या सुट्टीत तू सिलोनला यायचंस. विचारत नाही हं, सांगते आहे. चार वर्षं झाली आम्हाला इथे येऊन, चार वर्षं मी 'ये' लिहिते आणि तू 'बघू' लिहितेस. तुझ्या त्या 'बघू'चा आता मला कंटाळा आलाय. शाळेत पोरींना फळ्यावर सिलोनचा नकाशा काढून दाखवतेस, आणि सख्खी नणंद तिथे राहते तर पाऊल म्हणून ठेवत नाहीस! भूगोलाच्या बाईंना शोभतं का हे?

ह्यांच्या चहाच्या कंपनीची मोटार सुट्टीत आठवडाभर मिळेल. कँडीला ढोलवाले आणि नाचणारे बघू. सिगिरिया म्हणून एक उभा कातळ आहे, त्यावर कुणा राजाने वाडा बांधलेला, तिथे लोखंडी जिन्याने चढायचं. आणि श्रीपादाचा डोंगर. शिखरावर पाऊल उमटलंय. आपण म्हणतो शंकराचं, इथले म्हणतात बुद्धाचं, मुसलमान म्हणतात आदमचं. कुणाचं का असेना, वर जायचं म्हणजे पायांचे तुकडे पडतात. मी एकदा अर्ध्यावरून परत आलेय. तू बरोबर असलीस तर पुरा चढीन.

दुसरंही कारण आहे, ते लपवत नाही. बेचाळीसच्या चैत्रात त्रिंकोमालीला बॉम्ब पडले आणि आपल्या बाळदादाची पत्रं थांबली. आरमाराच्या गोदामातल्या कारकुनाचा तपास कोण करतंय? या चैत्रात बारा वर्षं होतील. हा चैत्र तू त्या घरात एकटीने काढू नयेस असं मला वाटतं. त्रिंकोमालीला मात्र आपण जायचं नाही. नुसती मजा करायची.

ये गं.
तुझी,
उत्तरा

डोंबिवली,
२० जानेवारी १९५४

चि. सौ. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

येते.

एवढ्या पटकन हो म्हटलं म्हणून घाबरू नकोस. नाही म्हणायला कारण शोधत होते, सापडलं नाही. हो म्हणायलाही सापडलं नाही म्हणा. पण तुझं पत्र उलटून पुन्हा वाचलं तेव्हा डोंगराच्या ठिकाणी जरा थांबले. मी आजवर कुठलाच डोंगर चढलेली नाही. दहावीच्या पोरींची मलंगगडाला सहल नेतात तेव्हा मी खाली डबे सांभाळत बसते.

इकडे सगळं ठीक आहे. संक्रांतीचं वाण याही वर्षी घरपोच आलं. आळीतल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, ठाऊक आहेच तुला. बोलवावं तर मी सवाष्ण आहे की नाही ते कुणालाच माहीत नाही, आणि न बोलवावं तर मी सवाष्ण निघाले म्हणजे पंचाईत. म्हणून शेजारच्या वासंतीकाकू नातीच्या हाती तिळगूळ आणि वाण पाठवून देतात. ती उंबऱ्याबाहेर उभी राहते, 'आजीने दिलंय' म्हणते आणि पळते. या वर्षी आरसा होता. वाईट वाटलं का असं विचारू नकोस. मी वाट पाहिली होती वाटण्याची, नाही वाटलं.

सिलोनला पाऊस फार का? छत्री आणावी लागेल का? घरात आहे ती तुझ्या दादांची, दारामागच्या खुंटीला. ती खुंटी थोरल्या भाऊजींनी, अण्णांनी ठोकलेली, स्वतःच्या उंचीने. मला स्टूल घ्यावं लागतं, म्हणून छत्री तिथेच राहिली आहे. नवी घेईन.

पासपोर्ट कुठे काढतात ते तुझ्या गुरुदत्तरावांना विचारून कळव.
तुझी,
मंदाकिनीवहिनी

ठाणे,
२ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. उत्तरा हिस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

मंदाकिनीने येण्याचे कबूल केले हे तुझ्या पत्रावरून कळले. उत्तम झाले. मी होऊन तिला सांगितले असते तर ती गेली नसती.

आता जे मी दिवाळीच्या पत्रात लिहिले होते ते. इथे वेदशास्त्रसंपन्न भटजींना विचारले. माणूस बारा वर्षे बेपत्ता असल्यास पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यास अग्नी द्यावा, पुढील क्रियाकर्म करावे, असे शास्त्र आहे. ते केल्यावाचून बाळला गती नाही. आई जाताना मला एवढेच म्हणाली होती, "बाळचं काहीतरी कर रे." आठ वर्षे ते माझ्या डोक्यावर आहे. यापुढे टाळणे माझ्याने होणार नाही.

कार्य बाळच्या राहत्या घरातून, म्हणजे डोंबिवलीहून, निघावे असे माझे मत आहे. मंदाकिनी तिकडे तुझ्याकडे असेल, घराची किल्ली मी मागून घेईन. तिच्या डोळ्यांदेखत हे नको. सात महिन्यांचा संसार तिचा. तिच्या समोर पुतळा मांडणे आणि तिचे कुंकू काढणे मला झेपणार नाही, हे तुला म्हणून लिहितो. तू तिला तिथे योग्य वेळी, शांतपणे सांग. परत येईल तोवर सर्व आटोपलेले असेल.

आणि व्यवहाराचेही सांगतो. कार्य झाल्यावर तिला वर्षभर कुठे जाता येणार नाही. सहल करायची ती सवाष्णपणीच करून घेऊ दे. तेवढे तरी सुख तिला मिळो.

तोवर तिला यातले अक्षरही कळू देऊ नकोस.
अण्णा

कोलंबो,
२१ फेब्रुवारी १९५४

सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार.

अगं बाई, किती बेत केलेत मी! हे म्हणतात, उत्तरा, तुझी वहिनी सुट्टीला येते आहे, लढाईला नाही.

मुंबईहून मद्रास, मद्रासहून धनुष्कोडीची गाडी, तिथून आगबोट. दोनेक तासांचा समुद्र, तेवढ्यात उलटी झाली तर लिंबू हुंगायचं. अलीकडे मंडपमला डॉक्टर तपासतो, त्याला घाबरू नकोस. तलाईमन्नारला आम्ही दोघं उभे असू. आधी अनुराधपूरचा बोधिवृक्ष, मग सिगिरिया, मग कँडी. तिथून श्रीपाद. डोंगर मधोमध ठेवलाय, म्हणजे पाय दुखले तरी पुढे विश्रांती. शेवटी समुद्र. इथल्या होड्यांना एका बाजूने ओंडका बांधलेला असतो, बुडत नाहीत म्हणतात, पण भिजवतात खूप. तुला त्यात बसवणार आहे मी.

आणि वैशाखी पौर्णिमेला इथे घराघरावर कागदी कंदील लावतात, कोलंबोचे रस्ते नुसते माणसांनी फुललेले असतात. तेवढ्यासाठी मे अखेरपर्यंत राहाच. लवकर परतायचं नाव काढायचं नाही. शाळा काही पळून जात नाही.

कॅनव्हासचे बूट घे, डोंगराला लागतील. बूट म्हटलं म्हणून हसू नकोस, इथे आज्याबायासुद्धा घालतात.

वहिनी, तू माझ्यावर कधी रागावली नाहीस, नाही का? असंच आठवलं.
तुझी,
उत्तरा

डोंबिवली,
२८ मार्च १९५४

चि. सौ. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

बूट घेतले. कल्याणला एका दुकानात मिळाले, मुलांचे आहेत. दुकानदार म्हणाला, "बाई, पोरगा घेऊन या, माप बघू." मी म्हटलं, माप माझंच आहे. त्याने लगेच खोकं उघडलं. संध्याकाळी मागच्या अंगणात घालून फेऱ्या मारते. वासंतीकाकूंनी भिंतीवरून पाहिलं आणि लगेच आत गेल्या. आता आळीभर झालं असेल.

ट्रंक काढली. तीन लुगडी, दोन पातळं, मेतकूट, तुझ्यासाठी कोकम. अण्णा परवा ठाण्याहून आले होते. किल्ली मागत होते, तुळशीला पाणी घालायला येईन म्हणाले. बारा वर्षांत त्यांना तुळशीची काळजी वाटलेली मला ठाऊक नाही, पण वय झालं की माणूस हळवा होतो, म्हणून देते म्हटलं. चहा घेताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

प्रवासाचे कागद परत आले. चूक माझीच. पती हयात की मयत, या रकान्यात मी काही लिहिलं नव्हतं. अण्णांना विचारलं काय लिहू, तर म्हणाले, "सध्या हयात लिही." मी लिहिलं. त्यामुळे आता निघणं एप्रिलच्या मध्याला होत नाही, एप्रिल सरत येईल. तुझे बेत मोडले असतील तर सांग.

रागावण्याचं विचारलंस. राग यायला आधी काहीतरी यावं लागतं गं. तुला खरं सांगते, मला तुझ्या दादांचा चेहरा आठवत नाही. भिंतीवरचा फोटो आठवतो, तो रोज पाहते म्हणून. फोटोच्या पलीकडचं काही नाही. लोक समजतात मी झुरते आहे. मी झुरत नाही, मी नुसती इथे आहे. कुंकू सकाळी दात घासल्यासारखं लावते. सिलोनला ही मंदाकिनी येणार आहे, दुसरी कुणी येईल असं समजून कंदील लावू नकोस.

डोंगरावर मात्र चढेन.
मंदाकिनीवहिनी

डोंबिवली,
१७ एप्रिल १९५४

उत्तरा,

आज सकाळी मानपाड्याची सखुबाई आली. पत्रावळीची पानं विकते ती, तुझ्या लग्नात तिनेच आणलेली. डोक्यावर भला मोठा भारा. ओसरीवर टाकला आणि म्हणाली, "बाय, ही पलसाची पाना. ठान्याच्या अन्नांनी सांगलेली, ओली नि देठासकट." मी म्हटलं, कशाला? तर ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू घरान नसशील आसा बोलले व्हते." पैसे न घेताच गेली बिचारी. घाईघाईने गेली.

ओली, देठासकट पळसाची पानं कशाला लागतात ते मला माहीत आहे. अंबरनाथला माझ्या मावसकाकांचं तसंच केलं होतं. मी निघणार होते त्या हिशेबाने अण्णांनी दिवस धरला असणार. माझं लांबलं तेव्हा भटजींना कळवलं असेल, सखुबाईला सांगायचं विसरले.

मी पानं आत घेतली. सुकू नयेत म्हणून ओल्या पंच्यात गुंडाळून मोरीत ठेवली. भाताला आधण ठेवलं. जेवले. दुपारी वह्या तपासल्या. मग हे पत्र.

मला एवढंच सांग. तुला माहीत होतं का? किल्ली, 'मे अखेरपर्यंत राहाच', त्रिंकोमालीला जायचं नाही, सगळं त्याच्यासाठीच होतं का? तो डोंगरसुद्धा?

पटकन उत्तर दे.
मंदाकिनी

कोलंबो,
२३ एप्रिल १९५४

वहिनी,

माहीत होतं. दिवाळीपासून.

खोटं सांगू का की नव्हतं? तुझं पत्र आल्यापासून मी हेच लिहायला बसते आणि उठते. वहिनी, आम्हाला वाटलं तुला बघवणार नाही. खरं सांगू? आम्हालाच तुझ्याकडे बघवलं नसतं. मी ठरवलं होतं, डोंगर उतरल्यावर तुला सांगेन. पाय दुखत असतील, दमलेली असशील, मग मी हळूच सांगेन. केवढी शहाणी मी! तुझं कुंकू आम्ही दोघं परस्पर पुसून टाकायला निघालो होतो आणि तुला होडीत बसवणार होतो. मला माझी लाज वाटते गं.

पण डोंगर खोटा नव्हता. देवाशपथ. तो बेत मी अण्णाच्या पत्राच्या आधीपासून करत होते.

एक ऐक. माझ्यावर चिडलीस तरी ऐक. तू आता तिथे थांबलीस आणि तुझ्यासमोर कार्य झालं, की अण्णा तुला वर्षभर बाहेर पाठवणार नाही. आळी काय म्हणेल, शाळा काय म्हणेल! विधवा झाली आणि तेराव्याच्या आत सहलीला निघाली! वर्षाने आमची इथून बदली होते आहे, मग सिलोन राहूनच जाईल. अण्णाने अमावास्या धरली आहे, २ मेची, त्याचं तसं पत्र आलं. तू त्याच्या आधी निघून ये. कागद झालेच असतील. मिळेल ती गाडी धर. आपण ते इथे समुद्रावर बसून करू, तुला हवं तसं. पण निघ.

पत्रावर काय लिहायचं ते मला कळलं नाही, म्हणून नुसतं वहिनी लिहिलंय.
उत्तरा

डोंबिवली,
६ मे १९५४

प्रिय उत्तरा,

तुझं पत्र वेळेवर मिळालं. कागदही त्याच दिवशी आले. दोन्ही समोर ठेवून बराच वेळ बसले. निघता आलं असतं. नाही निघाले.

अण्णांना एक ओळ लिहिली, 'कार्याला मी घरी आहे.' ते दुसऱ्या दिवशी धावत आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "अगं, तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, पानांनी. बसले, पाणी प्यायले. मग समजावत राहिले, बाईमाणसाने तिथे असायचं नसतं, तुला त्रास होईल. मी म्हटलं, अण्णा, बारा वर्षं सवाष्ण मी होते, तुम्ही नव्हता. ते उठून भटजींना कळवायला गेले. बिचारे वाईट माणूस नाहीत गं. फक्त मला विचारायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

अमावास्येला सकाळी भटजी आले. मागच्या अंगणात दर्भ अंथरला. सखुबाईने ताजी पानं आणलेली, पहिली सुकून गेली होती. मी एकेक पान धुऊन देत होते. भटजींनी एकदा अण्णांकडे पाहिलं, अण्णा म्हणाले, "असू दे." डोकं झालं, हात झाले. माझ्या मनात काही नव्हतं. पानं धुवायची, द्यायची, एवढंच. मग भटजी पाय मांडू लागले आणि पानं लांबवत लांबवत तुळशीपर्यंत नेऊ लागले.

मी म्हटलं, "ते एवढे उंच नव्हते."

उत्तरा, माझ्या तोंडून ते कुठून आलं मला ठाऊक नाही. भटजी थांबले. मी पुन्हा म्हटलं, एवढे उंच नव्हते, माझ्याएवढेच होते. त्यांना दारामागच्या खुंटीला छत्री अडकवायला उडी मारावी लागायची. रोज कामावरून आले की एक उडी. कधी कधी छत्री पडायची, मग मी हसायची आणि ते म्हणायचे, "हस, हस, अण्णाने त्याच्या मापाने जग ठोकलंय." ही उडी मी बारा वर्षांत एकदाही आठवलेली नव्हती. चेहरा अजून नाही आठवत. पण उडी आठवली. मी तिथेच, त्या पानांशेजारी बसले आणि मला रडू फुटलं. मोठ्याने. आळीला ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

अण्णा उठले, भटजींना हातानेच थांबवलं आणि खाली बसून पायांची पानं स्वतः काढून घेऊ लागले. एक काढायचे, माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की पुढचं. 'एवढा?' 'नाही, अजून थोडं.' 'एवढा?' 'हो.' मग ते तसेच पानं हातात धरून रडले. त्यांनाही विसर पडला होता गं, त्यांच्या धाकट्या भावाच्या उंचीचा.

मग अग्नी दिला. कुंकू मी माझ्या हाताने पुसलं, कुणाला हात लावू दिला नाही. जळताना ओल्या देठांचा धूर फार झाला, डोळे आज चौथ्या दिवशीही चुरचुरतात.

दुसऱ्या दिवशी आळीत चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू होतं. वासंतीकाकूंकडे. दर वर्षी आंब्याची डाळ नातीच्या हाती येते. आली नाही. येणार नाही हे मला माहीतच होतं, आणि सुतकही आहे. पण बाहेर बायकांचा आवाज आला आणि मला वाईट वाटलं. नीट, सरळ वाईट वाटलं. आणि डाळीची इतकी इच्छा झाली की एका कैरीची मी माझ्यापुरती करून खाल्ली. मीठ जास्त पडलं. ते कळलं.

आता अण्णा. काल त्यांना म्हटलं, मी बुधवारी निघते, तेव्हा दहा दिवस झालेले असतील. त्यांनी वर्षाचं काढलं, लोकांचं काढलं, मुख्याध्यापिकाबाईंचं काढलं. मी म्हटलं, मला किल्ली तुमच्याकडे ठेवायची आहे, तुळशीला पाणी घालायला. त्यांनी किल्ली घेऊन कनवटीला लावली. मग म्हणाले, "तेराव्याचं मी बघतो. स्टेशनवर येईन." आळी बोलेल ते त्यांनाच ऐकावं लागणार आहे आणि तरी म्हणाले.

परवान्यावर मात्र मी अजून पती हयात असलेली बाई आहे. कपाळ बघून तलाईमन्नारच्या साहेबाने विचारलं तर सांगेन खरं काय ते.

तुझ्यावर रागावले आहे. आहे म्हणजे आत्ताच, हे लिहिताना येतो आहे राग. तिथे आल्यावर चांगली भांडेन, तयार राहा. पहिल्या दिवशी भांडू, दुसऱ्या दिवशी कंदील बघू.

मग डोंगर, ते ठरलंय. वैशाखी पौर्णिमेनंतर लोक चढत नाहीत, वर वारा फार असतो असं मी पुस्तकात वाचलं. मग आपण दोघीच चढू. आणि सगळ्यात शेवटी, होडीत बसून झाल्यावर, मला त्रिंकोमालीला ने. तिथे काही शोधायचं नाही. जिथे ते राहत तिथल्या खुंट्या कुठल्या उंचीवर होत्या तेवढं बघायचंय, आणि कुणाला ठाऊक नसलं तरी चालेल.

नवी छत्री घेतली नाही. स्टूल घेतलं आणि ती काढली. काड्या गंजल्या आहेत पण उघडते. घेऊन येते आहे. उंच आहेस तू, अण्णांच्या वळणाची, तेव्हा ती तुझ्या घरात कुठे लटकवशील ते आधी मला विचार.

आणि पत्रावर काय लिहायचं म्हणून अडू नकोस. 'मंदाकिनी' लिही, पुरे. नाव माझं आहे.

येते.
मंदाकिनी